आप्पांनी पुसलेली स्क्रीन

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी लॅपटॉपवर सरावाचा पेपर सोडवत होते आणि वैतागून बोलले, "या स्क्रीनवर इतके डाग पडलेत, की दशांशाचं टिंब कुठलं आणि डाग कुठला तेच कळत नाही."

मी कुणाला उद्देशून बोलले नव्हते. आई दुसऱ्या दिवशी राजगुरुनगरला लग्नाला जायची पिशवी भरत होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, दाराशी बसून चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होते. त्यांनी मान वर करून एकदा लॅपटॉपकडे पाहिलं आणि पुन्हा सुई ओढली.

डाग खरेच होते. दोन महिने मी जेवता जेवता अभ्यास करत होते. वरणाचे शिंतोडे, बोटांचे ठसे आणि त्यावर आमच्या निघोजे गावाची धूळ. आमच्या घरासमोरून कंपन्यांचे कंटेनर दिवसरात्र जातात. ती धूळ कपाटातल्या घडीच्या साडीवरही बसते, तर उघड्या लॅपटॉपचं काय.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, नकाशाशी ताडून बघायचे, बसत नसेल तो भाग लाल पेटीत टाकायचा. सहा वर्षं मी कंत्राटावर होते. आमच्या साहेबांनी एक दिवस बोलावून सांगितलं, की मोजमापाच्या खोलीत एक कायम जागा निघतेय, पण त्यासाठी अमुक एक प्रमाणपत्र हवं. परीक्षा इंग्रजीत, अडीच तास, शंभर प्रश्न. सेंटरला जायची गरज नाही, घरूनच द्यायची.

घरून म्हटल्यावर सगळ्यांना ते सोपं वाटलं. मला त्याचीच धास्ती होती. या परीक्षेत एक माणूस कुठल्यातरी शहरात बसून कॅमेऱ्यातून तुमच्यावर नजर ठेवतो. त्याला प्रॉक्टर म्हणतात. खोलीत दुसरं कुणी नको, टेबलावर कागद नको, ओठ हलवायचे नाहीत, नजर स्क्रीनवरून हलवायची नाही, खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज यायला नको. नियम मोडला की एक सूचना, आणि तीन सूचना झाल्या की परीक्षा तिथंच बंद, आणि पुढचं वर्षभर बसता येत नाही. वर्षभर ती जागा माझ्यासाठी कोण रिकामी ठेवणार होतं?

आमच्या घरात खाली तीन खोल्या भाडेकरूंना दिल्यात. तिन्हीत कंपनीतली पोरं राहतात, तीन वेगवेगळ्या शिफ्टची. वर आम्ही तिघं. आईनं सरळ निकाल लावला, "मी लग्नाला जाते, म्हणजे भांड्यांचा आवाज नको. आप्पा थांबतील."

आप्पांनी ती जबाबदारी मनावर घेतली. शनिवारीच ते खाली जाऊन तिन्ही खोल्यांत सांगून आले, की उद्या दहा ते एक कुणी गाणी लावायची नाहीत आणि जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही. शेजारच्या बांधकामावर जाऊन मुकादमालाही सांगितलं. तो म्हणाला, रविवारी आमचं काम बंदच असतं. तरी आप्पा परत आल्यावर मला म्हणाले, "त्याला बी सांगून ठिवलंय."

आप्पा तीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शिफ्ट संपायच्या आधी वीस मिनिटं ते मशीन बंद करून पुसायला घ्यायचे, आणि दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला मशीन पुसलेलंच द्यायचे. याबद्दल कारखान्यात त्यांचं नाव होतं. घरी आल्यावर मिक्सर, गॅसची शेगडी, माझी स्कूटर, सगळं तेच पुसायचे. आईला त्याचा राग यायचा, कारण त्यांनी पुसलेली वस्तू नंतर कुणी तशी ठेवली नाही की ते घरभर अस्वस्थ फिरायचे.

रविवारी सकाळी मी अंघोळ करून आले तेव्हा लॅपटॉप टेबलावर उघडा होता आणि स्क्रीन काळीभोर चमकत होती. खोलीत काच पुसायच्या निळ्या स्प्रेचा वास होता. आप्पा हातात वर्तमानपत्राचा बोळा घेऊन उभे होते.

"बघ आता," ते म्हणाले. "येक बी डाग न्हाई. बंद करून पुसलीय हां. वायर काढली, गार हू दिली, मग हात लावला."

मला खरंच बरं वाटलं. "छान झाली," मी म्हणाले, आणि केस विंचरायला गेले. स्प्रे कसा मारला, कुठं मारला, हे मी विचारलं नाही. खरं तर मला ते विचारायला हवं होतं. आमच्या मोजमापाच्या खोलीत काळ्या दगडाचं सपाट टेबल असतं, ते कशानं पुसायचं, किती पुसायचं, कापड कुठलं, याची पाटी भिंतीवर लावलेली आहे. ती पाटी मी रोज वाचते. घरात मात्र माझ्या डोक्यात एकच होतं, की दहाला पाच कमी असताना लॉगिन करायचंय.

आप्पांनी मला पाणी आणून दिलं. मी म्हटलं, पाणी चालत नाही, बाटली खोलीत नको. ते बाटली घेऊन गेले. परत आले आणि दारात उभे राहिले. काहीतरी सांगायचं असल्यासारखे. मी डोळे मिटून सूत्रं आठवत बसले होते. मी डोळे उघडले तेव्हा ते म्हणाले, "आरामात लिही," आणि दार ओढून घेतलं.

सुरुवात नीट झाली. प्रॉक्टर पुरुष होता. आवाज थकलेला, पण सभ्य. त्यानं आधार कार्ड बघितलं, लॅपटॉप उचलून खोली चारी बाजूंनी दाखवायला लावली, पलंगाखाली दाखवायला लावलं, कानामागचे केस बाजूला करायला लावले. मग म्हणाला, तुम्ही सुरू करू शकता. यापुढे तो बोलणार नव्हता, गरज पडली तरच बोलणार होता.

पहिले वीस प्रश्न मी पंचवीस मिनिटांत सोडवले. माझा वेग चांगला होता. एकविसाव्या प्रश्नाला स्क्रीनच्या खालच्या कडेला, डावीकडून, मला एक पांढुरका ढग दिसला. मला वाटलं, खिडकीतून ऊन पडलंय. मी मान हलवली. ढग हलला नाही.

पंचविसाव्या प्रश्नाला तो वर सरकला होता. ओली भिंत खालून चढत जाते तसा. त्याच्या कडेला एक फिकट पिवळी रेघ होती. मग स्क्रीन एकदा फडफडली. फक्त एकदा, पापणी लवावी तशी.

मी थांबायला हवं होतं, हे मला आता कळतं. ओल आत गेलेलं यंत्र चालू ठेवू नये. पण परीक्षेत थांबणं म्हणजे बाहेर पडणं, आणि बाहेर पडणं म्हणजे संपलं. मी पुढं गेले. पुढचा प्रश्न उघडायचं बटण खाली उजवीकडं होतं, तिथं अजून ढग पोचला नव्हता.

तिसाव्या प्रश्नाला पोचला. बटण दिसेना. ते कुठं होतं हे हाताला ठाऊक होतं, म्हणून मी अंदाजानं बाण तिथं नेला आणि दाबलं. प्रश्न बदलला. मी सुस्कारा सोडला, आणि नकळत पुढं वाकून नाक स्क्रीनला लागेल इतकी जवळ गेले.

तेवढ्यात प्रॉक्टरचा आवाज आला. इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही चौकटीतून बाहेर जाताय. सरळ बसा. ही पहिली सूचना."

मी सरळ बसले. म्हणाले, "सर, माझ्या स्क्रीनमध्ये प्रॉब्लेम आहे. खालचा भाग दिसत नाही."

त्याला तसं काही दिसत नव्हतं. माझी स्क्रीन त्याच्याकडं स्वच्छ दिसत होती, कारण बिघाड काचेत होता, चित्रात नव्हता. तो म्हणाला, "आमच्या बाजूनं सगळं ठीक आहे. परीक्षा सोडायची असेल तर सोडू शकता. पण मग हा प्रयत्न मोजला जाईल."

"नाही," मी म्हणाले. "सोडत नाही."

हे मी बऱ्याच मोठ्यानं बोलले असणार. कारण दाराबाहेर पावलं वाजली. आप्पांना इंग्रजी येत नाही, पण 'स्क्रीन' आणि 'प्रॉब्लेम' हे दोन शब्द त्यांना कळले होते. पावलं दाराशी येऊन थांबली. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोलू नका, आप्पा, बोलू नका.

दाराच्या फटीतून अगदी हळू आवाज आला. "पोरी, दिसतंय का गं?"

मी उत्तर दिलं नाही. हललेही नाही. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही, आणि मला वाटलं, सुटलो.

"खोलीत कुणीतरी आहे," प्रॉक्टर म्हणाला. आता त्याचा आवाज थकलेला नव्हता. "ही दुसरी सूचना. लॅपटॉप उचला आणि खोली पुन्हा दाखवा. दार उघडून बाहेर कोण आहे ते दाखवा."

मी लॅपटॉप उचलला. स्क्रीन हलली तसा तो ढगही आतल्या आत हलल्यासारखा वाटला. मी पलंग दाखवला, भिंती दाखवल्या, मग कोपरानं कडी काढून दार उघडलं.

आप्पा समोर उभे होते. कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर आला आणि ते एक पाऊल मागं सरकले. हातात मघाचाच वर्तमानपत्राचा बोळा होता, चुरगळलेला. त्यांनी तो पाठीमागं लपवला. का लपवला मला माहीत नाही, पण प्रॉक्टरला ते दिसलं.

"त्यांच्या हातात कसला कागद आहे?"

"सर, हे माझे वडील आहेत. तो जुना पेपर आहे. त्यांनी सकाळी स्क्रीन पुसली."

"कागद दाखवायला सांगा."

"आप्पा, तो बोळा दाखवा. उघडून दाखवा."

माझ्या वडिलांनी तो बोळा उलगडला, दोन्ही बाजू कॅमेऱ्यापुढं धरल्या, आणि मग रिकामे तळहातही दाखवले. ते कुणी मागितलं नव्हतं. कारखान्याच्या गेटवर झडती देताना दाखवतात तसे त्यांनी ते दाखवले.

"त्यांना इथून जायला सांगा," प्रॉक्टर म्हणाला. "पुन्हा आवाज आला तर मला परीक्षा थांबवावी लागेल."

"आप्पा, तुम्ही जा," मी म्हणाले. "घरातच थांबू नका. लांब जा. मी बोलवेपर्यंत येऊ नका."

मी त्यांच्याशी अशी कधी बोलले नव्हते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग कॅमेऱ्याकडं बघून मिटलं. जिन्यावरून त्यांची पावलं खाली गेली. गेट वाजलं. मी दार लावलं आणि परत खुर्चीत बसले.

पुढचा दीड तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब दीड तास होता. ढग चढत चढत चौथ्या पर्यायापर्यंत आला. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि चौथा सगळ्यात खाली. लांबलचक प्रश्न असला की पान वर सरकायचं आणि चौथा पर्याय दिसायचा. पण छोट्या प्रश्नांचं पान हलायचं नाही. त्यांचा चौथा पर्याय मला शेवटपर्यंत दिसला नाही.

मग मी एक पद्धत धरली. पहिले तीन पर्याय तपासायचे. त्यातलं एक बरोबर असल्याची खात्री असेल तर ते निवडायचं. तिन्ही चूक असतील तर पांढुरक्या ढगात जाऊन चौथ्यावर क्लिक करायचं. न वाचता. असं मी किती वेळा केलं, नक्की आठवत नाही. सात-आठ वेळा तरी. कामावर आम्ही न मोजलेला एकही भाग पुढं जाऊ देत नाही, आणि इथं मी न वाचलेली उत्तरं पुढं पाठवत होते. नजर खाली जाऊ द्यायची नाही, मान पुढं जाऊ द्यायची नाही, ओठ मिटलेले. पाठीला घामाची धार लागली होती आणि पंखा सुरू होता.

मधूनच खालच्या पोरांपैकी कुणाचा तरी मोबाईल वाजला. एकदाच. मी डोळे स्क्रीनवर ठेवून वाट बघत राहिले, की आता आवाज येईल, तिसरी सूचना. आला नाही.

शंभरावा प्रश्न झाला. पेपर जमा करायचा का, असं विचारणारी चौकट मधोमध आली, ती नीट दिसली. मी हो म्हटलं. निकाल लगेच दाखवतात असं आम्हाला सांगितलं होतं. एक पान उघडलं, वर माझं नाव, परीक्षेचं नाव, आणि निकालाची ओळ नेमकी खाली. मी आता वाकून, तिरपं बघून, डोळे बारीक करून ती वाचायचा प्रयत्न केला. तेवढ्यात स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या आणि सगळंच काळं झालं.

मी तशीच आप्पांना शोधायला बाहेर पडले. ते गावात नव्हते. पुढच्या वळणावर, बंद कंपनीच्या भिंतीला लागून सिमेंटचे मोठे पाइप टाकलेत, त्यातल्या एकावर बसले होते. उन्हात. टोपी घरीच राहिली होती. कपाळ लाल झालं होतं.

मला बघून उठले. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. "बंद पडली का?" एवढंच विचारलं.

"पडली."

ते पुन्हा बसले आणि म्हणाले, "मला सकाळीच कळलं व्हतं. पुसून झाल्यावर खालच्या पट्टीला बोट लावलं, तर वलं लागलं. फवारा सरळ काचेवर मारला ना म्या. ते वघळून खाली गेलं आसंल."

"सकाळीच कळलं होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही? मैत्रिणीचा लॅपटॉप होता, आप्पा. शेजारच्या गल्लीत. दहा मिनिटांत आणला असता."

"तू डोळं झाकून बसली व्हतीस. म्हणलं, आत्ता सांगून पोरीला भ्या कशाला घालावं. म्हणलं, वाळंल."

मी वळले आणि घरी आले. ते माझ्या मागं वीस पावलांवर चालत होते, मला कळत होतं. मी थांबले नाही. त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आई लग्नाहून आली, तिनं दोघांकडं बघितलं आणि काय झालं ते आप्पांकडून काढून घेतलं. मला फक्त म्हणाली, "तू रागाव, पण जेवण त्यांच्या हातचं घे." त्या दिवसांत ती कुणाला काही न सांगता आप्पांना ताट वाढायला लावायची. ते वाढायचे, मी खायचे.

मंगळवारी मेल आली. लिहिलं होतं, की तुमचा निकाल रोखून ठेवला आहे. परीक्षेदरम्यान दुसरी व्यक्ती आणि कागद आढळले. पाच दिवसांत लेखी खुलासा द्या.

मी संध्याकाळी मोबाईलवरच खुलासा लिहायला घेतला. लिहिलं, की तांत्रिक बिघाडामुळे स्क्रीनचा भाग दिसत नव्हता, त्यामुळे घरातील व्यक्ती विचारपूस करायला आली. एवढंच. आप्पा समोर येऊन उभे राहिले.

"काय लिवलंयस? मराठीत सांग."

मी सांगितलं. दोन दिवसांनी माझा त्यांच्याशी झालेला हा पहिला संवाद.

"बिघाड का झाला ते न्हाई लिवलं?"

"ते कशाला? ते म्हणतील, काहीतरी गोष्ट रचलीय. वडिलांनी स्क्रीन पुसली म्हणे. कुणाला खरं वाटेल?"

"मंग खोटं खरं वाटंल का?" ते शांतपणे म्हणाले. "आमच्यात माल खराब झाला, तर कागदावर लिवायला लागायचं. कुणाच्या हातनं, कशानं. नुसतं मशीन बिघडलं म्हणून चालायचं न्हाई. सायेब इचारायचा, बिघडलं का? तू लिही. वडलांनी काच पुसायचा फवारा मारला, पानी आत गेलं. सकाळी त्यांना कळलं आन् त्यांनी सांगितलं न्हाई. ते बी लिही. मी खाली सही करतो."

"सही कुणी मागितली नाही, आप्पा."

"न्हाई मागितली तरी करतो."

मला भीती वाटत होती. सगळं खरं सांगितलं तर ते जास्त खोटं वाटेल, ही भीती. आणि आणखी एक गोष्ट होती, जी मी आज कबूल करते. माझ्या घरात स्क्रीन निळ्या स्प्रेनं आणि वर्तमानपत्रानं पुसतात, हे मला त्या अनोळखी माणसांना सांगायचं नव्हतं. क्वालिटीचं प्रमाणपत्र मागणारी मी.

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "लिहून टाक की. लपवून काय मिळालं परवा?"

मी लिहिलं. सगळं, जसं घडलं तसं, चौथा पर्याय न वाचता दिलेल्या उत्तरांसकट. आप्पांनी मराठीत चार ओळी वेगळ्या कागदावर लिहिल्या, सही केली. मी त्याचा फोटो जोडला आणि सोबत दुरुस्तीच्या दुकानातून बिघाडाबद्दल लिहून घेतलेली चिठ्ठी. त्यासाठी दुसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन चाकणच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्या ताईंकडं गेलो होतो. खुलासा लिहून झाला तरी पाठवायला मी त्या चिठ्ठीसाठी थांबले होते.

ताईंनी पडद्याची चौकट सोडवली आणि आतली कड दाखवली. निळसर डाग वाळून चिकटला होता. "थेट फवारलंय," त्या म्हणाल्या. "सगळे हेच करतात, काका. तुम्हाला वाटतं ही काच आहे. ही काच नाही, प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आहे. खिडकीच्या स्प्रेमधलं औषध त्याच्यावरचा लेप खातं. वर्तमानपत्रानं बारीक ओरखडे पडतात."

आप्पांनी चष्मा लावला. "मंग कशानं पुसायची?"

"बंद करायची, चार्जर काढायचा. ते तुम्ही केलंत, ते बरोबर. आधी कोरड्या मऊ कापडानं धूळ काढायची, चष्म्याचं असतं ना, तसलं. धुळीसकट ओलं फिरवलं की ओरखडे. तरी डाग राहिला तर कापड ओलं करायचं, स्क्रीन नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. कापड पिळल्यावर थेंब पडायला नको. जोर लावायचा नाही. आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही."

"डाग निघंना तर?"

"तर पुन्हा ओलं कापड, पुन्हा हळू. निघेपर्यंत. घासायचं नाही."

"कडंला कसं पुसायचं?"

"कडेला कापड जवळजवळ कोरडंच पाहिजे."

ते आणखी बरंच विचारत राहिले. कापड किती दिवसांनी धुवायचं, साबण चालतो का, गोल फिरवायचं की सरळ. ताई हसल्या नाहीत, एकेक सांगत गेल्या. मी बाजूला उभी राहून बघत होते. आप्पांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, नीट शिकून घ्यायची घाई होती. दोन दिवस आतून बांधलेलं माझं काहीतरी तिथं थोडं सैल झालं. येताना स्कूटरवर मी विचारलं, "ऊन लागलं होतं का त्या दिवशी?" ते म्हणाले, "थोडं."

ताईंनी पडदा वाळवून जोडून दिला. चित्र आलं. खाली डावीकडं पिवळट सावली राहिली, ती जाणार नाही असं त्यांनी सांगितलंच होतं.

खुलासा गेला आणि मग नऊ दिवस काहीच आलं नाही. मी कामावर दर तासाला मोबाईल बघायची. साहेबांनी एकदा विचारलं, "निकाल?" मी म्हटलं, "अजून नाही." त्यांनी कपाळाला आठी घातली. त्या जागेसाठी दुसऱ्या शिफ्टच्या एकाचं नाव चाललं होतं, तेही मला कळलं. एकदा माझ्या हातून मोजलेला भाग चुकीच्या पेटीत गेला, आणि तो मलाच नंतर सापडला. तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं उभी राहिले.

दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मेल आली. तीनच ओळी होत्या. खुलासा तपासला. चित्रीकरण आणि जोडलेले कागद पाहिले. निकाल कायम करण्यात येत आहे: उत्तीर्ण. पास व्हायला जेवढे गुण लागतात, त्यापेक्षा फक्त चार जास्त होते. म्हणजे त्या न वाचलेल्या उत्तरांनी मला वर उचललं की खाली ओढलं, मला कधीच कळणार नाही.

मी घरी फोन केला. आईनं घेतला, आणि ओरडून आप्पांना हाक मारली. ते फोनवर आले.

"पास झाले, आप्पा."

"बरं झालं," ते म्हणाले. "माझ्या कागदाचं काय लिवलंय?"

मी मेल पुन्हा उघडली. "जोडलेले कागद पाहिले, असं लिहिलंय."

"म्हंजी वाचला त्यांनी?"

"वाचला असेल."

"मराठी येत आसंल का त्यांना?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. ते म्हणाले, येत नसलं तरी कुणाला तरी विचारलं असेल, आणि फोन आईकडं दिला.